सहीचा सराव

आधीच सांगून ठेवते, मी तापट आहे. आमच्या माहेरी सगळेच तसे. धुळ्याचं ऊन डोक्यात गेलंय, असं म्हणून सगळे मोकळे होतात. पण माझ्या तापटपणाची मला कधी लाज वाटली नव्हती. वर्गात चाळीस पोरं सांभाळायची तर आवाज लागतोच. शिवाय मी ओरडते ती पोरं मस्ती करतात म्हणून, कुणाचं काही चुकलं म्हणून कधीच नाही, असा मला फार गर्व होता. तो कसा उतरला ते सांगते.

मी असोद्याच्या बाजूला एका सरकारी शाळेत पहिलीला शिकवते. राहायला जळगावात, मेहरूणला. रोज स्कूटीवर जाणं-येणं. केळीचे ट्रक आडवे आले नाहीत तर वीस मिनिटांत शाळेत. माझ्या वर्गातली पोरं शेतकऱ्यांची, मजुरांची. पहिल्या दिवशी पाटी पुढे ठेवली की निम्मी पोरं म्हणतात, "बाई, मले नाही येत." मी म्हणते, "बरं, नाही येत. मागच्या महिन्यात काय नव्हतं येत, ते सांग." मग ते बोटं मोजत बसतं. चप्पल नव्हती घालता येत. विहिरीवरची मोटार चालू करता नव्हती येत. आता येते का? येते. मग हेही येईल, धर पेन्सिल. अक्षर काढलं की मी लगेच तपासायला जात नाही. सांगते, "या ओळीतलं तुझं तुलाच सगळ्यात बरं कोणतं वाटतं? त्याला गोल कर. आता खालच्या ओळीत त्याच्याहून बरं काढून दाखव." पोरं अशी झपाटून काढतात की बघत राहावं. शिक्षकांच्या एका बैठकीत मी हे फळ्यावर काढून दाखवलं होतं, आणि टाळ्या घेऊन घरी आले होते.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी पोरांना शिकवते, तिचा अर्थ मला पस्तिशीत कळला.

माझी स्वतःची मुलगी तेव्हा दुसरीत होती. शहरातल्या एका चांगल्या शाळेत. साडेतीन वर्षांची असताना दुकानांच्या पाट्या वाचायला लागली, तेव्हापासून आमच्या घरात एकच शब्द, हुशार. आजोबा म्हणायचे, शेजारी म्हणायचे, मी तर पदोपदी म्हणायचे. आणि हुशार आहे म्हणून मी तिला कधी शिकवायला बसलेच नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांपुढे घसा कोरडा करायचा, घरी हिला आपोआप यायला हवं असा माझा हिशेब. कुठे चुकलं की ती चूक माझ्याच अंगाला लागायची. तोंडातून निघून जायचं, "अगं, तू? तुला हे येत नाही? शिक्षिकेची मुलगी ना तू?" मारणं नाही, शिवी नाही. एवढंच. मला वाटायचं, यात काय एवढं?

हळूहळू तिने अवघड गोष्टींना हात लावणंच सोडलं. सायकलवरून एकदा पडली, तर सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. कॅरममध्ये हरायला लागली की सोंगट्या विस्कटून उठायची. "मला नको", "मला कंटाळा आला" ही दोन वाक्यं जिभेवर तयार. मी लोकांना कौतुकाने सांगायचे, फार मानी आहे हो आमची. मानी कसली, पोर घाबरली होती. माझ्या वर्गातल्या चाळीस पोरांपैकी एक जरी अशी वागली असती तर मी दोन दिवसांत ओळखलं असतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. मधल्या सुट्टीत मी खिचडी वाढायला उभी होते आणि तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. "मॅडम, आज शाळा सुटायच्या वेळी येऊन जाल का? थोडं बोलायचं होतं." काय झालं विचारलं तर म्हणाल्या, फोनवर नको. मग काय, उरलेला दिवस माझा काय गेला असेल ते माझं मला माहीत. लागलं असेल, कुणी मारलं असेल, नाही नाही ते मनात. एका पोरावर मी विनाकारण खेकसले, त्याने घाबरून पाटीच पुसली.

शाळेत पोचले तर ती टेबलाशेजारी उभी. दप्तर पाठीवर, नजर फरशीवर. वर्गशिक्षिका तरुण, सत्तावीस-अठ्ठावीसच्या. खोलीत आणखी दोन शिक्षिका वह्या तपासत होत्या. मी शिक्षिका आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मीच पहिल्या पालकसभेत ते दोनदा सांगितलं होतं.

त्यांनी गणिताच्या चाचणीचा पेपर पुढे सरकवला. वीसपैकी आठ. खाली, जिथे पालकाने सही करायची असते, तिथे माझी सही.

"ही तुमचीच सही ना, मॅडम?"

मी तो पेपर आयुष्यात पाहिला नव्हता. पण सही माझी होती. पहिल्या अक्षराची ती गोल मान, मधली घाई, शेवटी खाली ओढलेली रेघ. बँकेत चालली असती.  मुलीने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. वह्या तपासणाऱ्या दोघींचे हात थांबले होते.

"हो," मी म्हणाले, "माझीच आहे. गडबडीत केली असेल, लक्षात नव्हतं."

"नक्की?"

"अहो, म्हणजे काय! मला माझी सही ओळखू येत नाही का?" वर आवाज चढवला तो चढवलाच.

त्यांनी पेपर घडी करून माझ्या हातात दिला. पोरीला वाचवलं, असं जिना उतरेपर्यंत मी स्वतःला सांगत होते. साफ खोटं. मी मला वाचवलं होतं. उद्या चार बायकांत बोलणं झालं असतं, स्वतः शिक्षिका आणि दुसरीतली मुलगी खोटी सही करते. तेवढं मला नको होतं.

स्कूटीवर रोज ती मागून माझ्या कमरेला विळखा घालून बसते. त्या दिवशी तिने सीटच्या मागची दांडी धरली होती. मेहरूणच्या रस्त्याला लागेपर्यंत माझा राग उकळत उकळत गळ्याशी आला होता. घरात पाऊल टाकलं आणि दार लोटलं.

"कुठे शिकलीस हे? कुणी शिकवलं? बोल!"

तिने दप्तर पाठीवरून काढलंही नव्हतं.

"तोंड शिवलंय का? चोरी शिकायला पाठवते मी तुला शाळेत?"

माझा हात वर गेला. खरं सांगते, मारलं असतं की नसतं, मला अजून माहीत नाही. ती मागे सरली नाही, हात आडवा केला नाही. नुसते डोळे मिटून घेतले आणि उभी राहिली. आता पडणार ते पडू दे, अशी. तिला तसं उभं राहताना मी पाहिलं आणि हात तिथेच राहिला. तेवढ्यात ती धावली, न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी घातली.

"उघड!"

मी दार ढकलून पाहिलं.

"उघडतेस की नाही? मला राग आणू नकोस!" आता अजून काय राग यायचा बाकी होता कोण जाणे. दार बडवलं. आत रडण्याचा आवाज नाही, नळाचा नाही, काहीच नाही. फरशी ओली, गीझर चालू राहिलेला असतो कधी कधी, नाही नाही ते डोक्यात यायला लागलं. हिचे बाबा कामाला धुळ्याला गेलेले, यायला रात्र होणार. फोन लावून त्यांना काय सांगायचं? तुमची मुलगी माझ्या भीतीने कोंडून बसली आहे, हे?

दार तोडायला घरात काही सापडतं का म्हणून मी पोटमाळ्याखालचं कपाट उघडलं. तिथे माझ्या जुन्या टाचण वह्यांचा गठ्ठा असतो. वर्गात रोज काय शिकवायचं ते आम्ही शिक्षक आदल्या दिवशी ज्यात लिहून ठेवतो, त्या वह्या. गठ्ठ्यातली एक वही बाहेर आलेली, मधे पेन्सिल अडकलेली. मी उघडली.

मागच्या कोऱ्या पानांवर माझ्या सह्या होत्या. पान भरून. दुसरं पान भरून. तिसरं, चौथं. पहिल्या ओळीतल्या सह्या अगदी दुसरीतल्या पोरीच्या, अक्षरं सुटी सुटी, शेवटची रेघ वाकडी. प्रत्येक ओळीतल्या एका सहीला गोल केलेला. खालच्या ओळीतली त्याच्याहून बरी. तिच्यातल्या एकीला पुन्हा गोल. दुसऱ्या पानावर मान जमली होती, घाई जमत नव्हती. एके ठिकाणी पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटलेला. तिसऱ्या पानावर पेन्सिल सोडून पेन घेतलेलं. चौथ्या पानाच्या तळाशी ती सही होती, जी मी तासाभरापूर्वी माझी म्हणून सांगून आले होते.

मी खाली बसले. दिवाळीच्या सुट्टीत हिची शाळा बंद आणि माझी दोन दिवस चालू होती, तेव्हा ही माझ्या वर्गात मागे बसायची. तिथे हिने पाहिलं होतं. अवघड दिसलं की पळणारी माझी मुलगी, एकदा चुकलं की पुन्हा हात न लावणारी, तीच इथे शे-दीडशे वेळा चुकली होती आणि प्रत्येक वेळी पुन्हा बसली होती. एकटी, मी स्वयंपाकघरात भाकरी थापत असताना. कुणी शाबास म्हटलं नव्हतं. म्हणजे मेहनत करता येत होती तिला. चुकत चुकत शिकता येत होतं, माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराइतकं. आणि हे सगळं तिने कशासाठी वापरलं? माझ्यापासून वाचायला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. रडू आलं, तेही रागाचंच आलं आधी, मग दुसरं.

वही तिथेच टाकली आणि न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसले.

"ऐक," मी म्हणाले. "उघडू नकोस. नुसतं ऐक."

आत काही हललं.

"मी धुळ्यात, देवपूरला सातवीत होते. सहामाहीत मला गणितात शंभरपैकी एकतीस पडले. तुझे आजोबा दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमनी पोर भलती हुशार शे, तिले अभ्यास करना पडत नही. आता त्यांना एकतीस कसे दाखवायचे? मी काय केलं माहितीये? शाळेतून येताना पांझरा नदीच्या पुलावरून पेपर खाली टाकून दिला."

 मग आतून बारीक आवाज. "वाहून गेला?"

"कशाचा वाहतोय! पाणी कुठे होतं पात्रात? खाली वाळूवर पडला, तोंड वर करून. वरून लाल आकडा दिसत होता. तीन दिवस मी त्याच पुलावरून शाळेत गेले आणि तीन दिवस तो तिथेच. माझ्यासोबतच्या मुली खाली वाकून म्हशी बघायच्या, मी त्यांना इकडे बघा, तिकडे बघा करत पुढे न्यायचे."

"मग?"

"चौथ्या दिवशी बकरीने खाल्ला असेल. दिसला नाही."

आतून हसण्यासारखं काहीतरी आलं आणि लगेच थांबलं. "आजोबांना सांगितलंस?"

"आजपर्यंत नाही."

"मग तुला गणित आलं?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "नाही," मी म्हणाले. "मी त्याच्या वाटेलाच गेले नाही. येत नाही हे दिसू नये म्हणून दहावीनंतर गणित सोडलं. सगळे म्हणाले, हिला भाषेची आवड आहे. मीही तेच सांगत आले."

 मग तिने विचारलं, "आई, तू आज मॅडमशी खोटं का बोललीस?"

सात वर्षांचं पोर, दाराच्या पलीकडून.  तुझ्यासाठी, असं म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं.

"घाबरले," मी म्हणाले.

"कोणाला?"

"त्या मॅडमना. त्या दुसऱ्या दोघींना. मला सगळे हसतील म्हणून."

"तुला पण भीती वाटते?"

"वाटते ना. तुझ्याएवढीच."

कडी निघाली. ती बाहेर आली तेव्हा फ्रॉक अर्धा ओला होता. मी जवळ घ्यायला हात पुढे केला तर आधी तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. तेवढं बघून घेणं मला विसरता येत नाही. मग आली.

"उद्या आपण दोघी जायचं," मी म्हणाले. "तू तुझं सांग, मी माझं सांगते."

"तू आधी सांग," ती म्हणाली.

सकाळी आम्ही दोघी तिच्या शाळेत गेलो. वर्गशिक्षिका एकट्याच होत्या, हे देवाचे उपकार. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "मॅडम, काल मी खोटं बोलले. ती सही माझी नाही." मुलीने माझा पदर घट्ट धरला होता. मग तिनेही सांगितलं, अगदी बारीक आवाजात, एका दमात.

त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. कागद उजेडाला धरला की खाली खोडलेली पेन्सिल दिसते. तुम्ही काय म्हणता ते मला बघायचं होतं."

मला त्यांचा राग आला, हे कबूल करते. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान बाई माझी परीक्षा घेते! पण बोलायला जागा कुठे होती? मी परत नेलेला पेपर त्यांनी उलगडला आणि चुकलेली गणितं दाखवली. बावन्नातून सत्तावीस गेले, हिने लिहिलं पस्तीस. त्रेसष्टातून अठ्ठावीस गेले, पंचेचाळीस. जिथे हातचा घ्यायचा तिथे तिथे हिने लहान आकडा मोठ्यातून वजा करून टाकलेला, वरचा असो की खालचा.

"सगळ्या चुका एकाच जातीच्या आहेत," त्या म्हणाल्या. "एकच गोष्ट समजलेली नाही. पण तिने एकदाही विचारलं नाही मला. विचारलं तर हुशार राहणार नाही, असं तिला वाटत असावं."

घरी आल्यावर आम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. पाच गठ्ठे, दोन सुट्या. सत्तावीस काढून दे मला. सात सुट्या कुठून देणार? एक गठ्ठा सोड. हे मी शेकडो पोरांना केलं असेल. हिच्यासोबत पहिल्यांदाच. आणि सांगते, माझ्या वर्गातल्या चाळीस पोरांपेक्षा ही एक जड गेली. चौथ्या वेळी चुकलं की ती काड्या भिरकावायची. माझ्या घशाशी तेच जुनं वाक्य यायचं आणि मी उठून माठातलं पाणी प्यायचे. त्या महिन्यात मी इतकं पाणी प्यायले की हिचे बाबा विचारायला लागले, साखर वगैरे तपासून घेतेस का. कधी तोंडातून अर्धं निघायचंही, "अगं, तू...", आणि मी तिथेच थांबायचे. ती मात्र लगेच मान वर करून बघायची, पुढचं येतंय का म्हणून. हुशार हा शब्द घरात बंद केला. आजोबांनाही फोनवर सांगितलं, त्यांना काही पटलं नाही. "मंग काय, येडी म्हनू का?" म्हणाले.

मार्चच्या शेवटी पुढची चाचणी झाली. काड्यांवर बऱ्यापैकी जमत होतं, त्यामुळे मी मनातल्या मनात पंधरा-सोळा धरून बसले होते. पेपर मिळायचा त्या दिवशी मी घरी आले तेव्हा ती दारातच उभी, हात मागे.

"तू आधी खाली बस," ती म्हणाली.

मी पर्स न ठेवताच बसले. तिने पेपर पुढे केला. वीसपैकी सात. म्हणजे मागच्यापेक्षाही एक कमी! महिनाभर पाणी पिऊन पिऊन दाबलेलं सगळं एकदम वर आलं. "सात? अगं, एवढ्या काड्या, एवढे गठ्ठे, आणि सात? लक्ष कुठे होतं तुझं?" मी ओरडले. चांगली मोठ्याने ओरडले, खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

ती जागची हलली नाही. डोळे मिटले नाहीत. रडू आलं होतं तिला, पण ती माझ्याकडे बघत तिथेच उभी राहिली. मी थांबेपर्यंत थांबली. मग तिने दप्तरातून पेन काढून माझ्या हातात दिलं.

"झालं ओरडून?" ती म्हणाली. "आता सही कर. आणि हे तिसरं गणित कुठे चुकलं ते मला बघायचंय, काड्या घे."